बाळंतिणीची खोली

घरात मूल जन्माला यावयाचे असले म्हणजे त्या घराची मांडणी बदलू लागते. फडताळातील वस्तू हलतात, कोपऱ्यातील एखादी जड पेटी माळ्यावर जाते, आढ्याच्या कडीला पाळण्याची दोरी लागते, जुन्या मऊ लुगड्यांची बाळुती आणि दुपटी शिवून घडी घालून ठेवली जातात. शिकेकाई, ओवा, शेपा, डिंक, खोबरे यांचे डबे भरले जातात. राज्यांच्या उदयास्ताची नोंद ठेवणाऱ्या इतिहासाने घरातील या हालचालीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तिच्या मुळाशी मात्र एक महत्त्वाचा प्रश्न आहे. येणाऱ्या जिवासाठी घरातील कोणती जागा मोकळी करावयाची? जी सर्वांत चांगली ती, की जी इतर कोणत्याही कामाची नाही ती? या प्रश्नाला भारतीय समाजाने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली, आणि असंख्य मातांचे व बालकांचे जगणे-मरणे त्या उत्तरांवर अवलंबून राहिले.

या इतिहासाचा आरंभ आयुर्वेदाच्या संहितांपासून करणे सोयीचे आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत आजच्या रूपाला येऊ लागलेल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे, म्हणजे प्रसूतीच्या खोलीचे, सविस्तर वर्णन आहे. नववा महिना लागण्यापूर्वीच हे गृह तयार असावे असा तेथे दंडक आहे. त्यासाठी निवडलेल्या जमिनीतील हाडे, खडे आणि खापऱ्या प्रथम काढून टाकाव्यात, जमीन रंगाने, रसाने व गंधाने चांगली असावी, दार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे, असे चरक सांगतो. म्हणजे बांधकामाच्याही आधी त्याने सफाई सांगितली आहे. त्यानंतर अग्नी, पाणी, उखळ, शौच, स्नान आणि स्वयंपाक यांच्या जागांची व्यवस्था येते, आणि ते घर त्या त्या ऋतूत सुखकर वाटेल असे असावे, अशी अपेक्षा येते.

घर बांधून झाले की सामानाची यादी सुरू होते. तूप, तेल, मध, सैंधवादी लवणे, वावडिंग, देवदार, सुंठ, पिंपळी, वेखंड, हिंग, मोहरी, लसूण. दोन पाटे, उखळी-मुसळे. सोन्यारुप्याच्या कोशांत ठेवलेल्या तीक्ष्ण सुया. धारदार लोखंडी शस्त्रे. बेलाच्या लाकडाच्या दोन खाटा. अग्नी पेटविण्यासाठी सरपण. यादी लांबलचक आहे, परंतु तिच्यात अडगळ नाही. ऐन वेळी जे लागेल ते हाताशी असावे आणि जे लागणार नाही ते तेथे नसावे, हे तिच्यामागील सूत्र होय. या साहित्याबरोबरच कोणत्या स्त्रिया जवळ असाव्यात तेही चरकाने सांगितले आहे. अनेक बाळंतपणे झालेल्या, प्रेमळ, कामात कुशल, कष्ट सोसणाऱ्या आणि धीर देणाऱ्या स्त्रियांची निवड करावी असे तो म्हणतो. नववा महिना लागल्यावर चांगला दिवस पाहून गर्भिणीने या घरात प्रवेश करावयाचा. कळा सुरू झाल्यावर घाईने एखादा कोपरा रिकामा करण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, हा या आधीच्या प्रवेशाचा व्यावहारिक लाभ उघड आहे.

सुश्रुतसंहितेत या खोलीचे मापही दिले आहे. लांबी आठ हात आणि रुंदी चार हात. हात म्हणजे दीड फूट असे ढोबळमानाने धरले तर ही खोली सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद होते. म्हणजे ती मोठी मुळीच नव्हती. तिचे वैशिष्ट्य हे की ती दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरावयाची नव्हती. जन्मलेल्या बालकाला रेशमी किंवा तागाच्या वस्त्रात गुंडाळून तशाच वस्त्राच्या शय्येवर निजवावे, पिलू, बोर, कडुनिंब अशा वृक्षांच्या डहाळ्यांनी त्याला वारा घालावा, असे सुश्रुताने म्हटले आहे.

प्रसूतीनंतर बालकाच्या राहण्याची जागा कोणती, याचाही विचार चरकाने केला आहे. त्या जागेला तो कुमारागार म्हणतो. हे घर वास्तुविद्येत कुशल असलेल्या माणसाने बांधावे. ते रमणीय असावे, त्यात वाऱ्याचे झोत येऊ नयेत, पण एका बाजूने हवा खेळती असावी. श्वापदे, उंदीर आणि कीटक यांचा तेथे शिरकाव नसावा. या वर्णनातील एक विशेषण फार महत्त्वाचे आहे. ते म्हणजे ‘अतमस्क’, अंधार नसलेले. पुढील काळात जे घडले ते पाहिल्यावर या एका शब्दाचे मोल कळून येते.

बालकाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे, घामाने, मळाने, मलमूत्राने किंवा किड्यांनी दूषित झालेले वस्त्र टाकून द्यावे, असे सांगून चरक थांबत नाही. ज्यांना नवी वस्त्रे मिळणे शक्य नाही त्यांनी तीच वस्त्रे नीट धुऊन, धुरी देऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वापरावीत, असा पर्यायही तो देतो. खेळण्यांविषयीचा त्याचा विचार तर आजच्या गृहिणीलाही पटावा. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी व हलकी असावीत. त्यांना अणकुचीदार टोके नसावीत, ती मुलाच्या तोंडात शिरू नयेत, जीव धोक्यात आणणारी किंवा भीती वाटावी अशी नसावीत. रडणाऱ्या किंवा न जेवणाऱ्या मुलाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असेही त्याने बजाविले आहे.

या वर्णनांवरून प्राचीन भारतातील प्रत्येक मूल अशाच घरात जन्मास येत होते, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. सोन्यारुप्याच्या कोशातील सुया आणि खास बांधलेले कुमारागार हे श्रीमंतांच्या आटोक्यातील होते. सुश्रुत तर चार वर्णांसाठी चार रंगांची जमीन आणि चार जातींचे लाकूड सांगतो. समाजातील उतरंड त्या खोलीच्या पायापर्यंत पोहोचली होती. तेव्हा संहितांतील सूतिकागार हे सर्वत्र दिसणारे वास्तव नव्हे, तो एक आदर्श होय. परंतु आदर्श म्हणून त्याने जे सांगितले ते निःसंदिग्ध आहे. जागा आधी साफ करावी, ती उजेडाची असावी, आणि ती या एकाच कामासाठी राखून ठेवावी.

पुढील शतकांत हा आदर्श घराघरांतील रूढीत टिकला नाही. अव्वल इंग्रजीपासूनच्या ज्या हकीकती उपलब्ध आहेत त्यांत बाळंतिणीच्या खोलीचे वर्णन बहुधा उलट दिशेने जाते. महाराष्ट्रातील वाड्यांत माजघरालगत, कधी त्याच्याही मागे, बाळंतिणीची खोली असे. तिला खिडकी असलीच तर लहानसा झरोका, आणि तोही चिंध्यांनी बुजविलेला. दाराला जाड पडदा, खाटेखाली शेगडी, शेगडीवर ओवा-शेपांची धुरी. ज्यांना वाडा नव्हता त्यांच्याकडे पडवीचा किंवा गोठ्याचा आडोसा असे. उत्तर हिंदुस्थानात या खोलीला सौरी किंवा सौर म्हणत. बंगालमध्ये तिचे नाव आंतुडघर. तेथे पुष्कळदा घरापासून वेगळी, अंगणाच्या कडेला उभी केलेली तात्पुरती झोपडीच त्या कामी वापरीत. नावे निराळी असली तरी निवडीचे तत्त्व सारखे होते. घरातील जी जागा एरवी वापरात नाही ती बाळंतिणीला, जी खाट मोडकळीस आली आहे ती तिला, आणि जे अंथरूण नंतर फेकून देता येईल ते तिला.

असे का व्हावे? याचे पहिले कारण सोयर. जन्माबरोबर घराला विटाळ येतो, तो दहा दिवस टिकतो आणि त्या काळात बाळंतिणीचा स्पर्श झालेल्या वस्तू पुन्हा घरात घेता येत नाहीत, अशी समजूत असल्यावर चांगल्या वस्तू त्या खोलीत जाणार कशा? जी वस्तू टाकावयाची ती टाकाऊच असावी, हा हिशेब त्यातून आपोआप निघाला. दुसरे कारण म्हणजे वाऱ्याची भीती. बाळंतिणीला वारा लागू नये हा मूळचा सल्ला चरकाच्या मताशी विसंगत नव्हता. पण चरकाने वाऱ्याचा झोत टाळून हवा खेळती ठेवावयास सांगितले, रूढीने झोताबरोबर हवा आणि उजेड दोन्ही बंद केले. तिसरे कारण दृष्ट लागण्याची आणि अदृश्य शक्तींची धास्ती. उशाखाली कोयता किंवा सुरी ठेवण्याची आणि दिवा अखंड तेवत ठेवण्याची चाल त्यातूनच आली.

या रूढीला दुसरीही एक बाजू होती, आणि तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. विटाळाच्या त्या दहा दिवसांत सुनेला चुलीपुढे बसावे लागत नसे, पाणी भरावे लागत नसे, दळण-कांडण तिच्या वाट्याला येत नसे. एरवी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या स्त्रीला हक्काची विश्रांती मिळण्याचे दिवस तेवढेच. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या चालीमागेही हेच शहाणपण होते. सासरच्या घरात जी जागा सहजासहजी रिकामी होत नसे ती माहेरी आई मुलीसाठी रिकामी करी. बाळंतविडा, तेल लावणे, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू यांत ममता होती यात शंका नाही. मात्र धुराने कोंदलेल्या अंधाऱ्या खोलीत त्या ममतेला पुरेसे यश येत नसे.

याची सर्वांत दारुण साक्ष पाचवीच्या आणि सटवीच्या रात्रींनी दिली आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवी येते आणि बालकाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, म्हणून त्या रात्री जागरण करण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. षष्ठीपूजन या नावाने ती भारताच्या इतर भागांतही आढळते. हीच रात्र एवढ्या भयाची का मानली गेली असावी, याचा काही उलगडा आधुनिक वैद्यकाने केला आहे. नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच प्रकट होतो. चांगले दूध पिणारे मूल एकाएकी पिणे सोडते, त्याचा जबडा मिटतो, अंग ताठ होऊन धनुष्यासारखे वाकते, आणि उपचार नसेल तर ते बहुधा दगावते. या रोगाचे जंतू माती आणि शेण यांत दीर्घकाळ टिकून राहतात. १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने ते प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवून दाखविले. विळ्याने किंवा बांबूच्या धारेने कापलेली नाळ, तिला बांधलेला न धुतलेला दोरा, तिच्यावर लावलेली राख किंवा शेण, आणि खाली अंथरलेल्या मळक्या चिंध्या, एवढे साहित्य त्या जंतूंना पुरेसे होते. सटवीने कपाळी जे लिहिले असे लोक समजत, ते कित्येकदा त्या खोलीतील घाणीने लिहिलेले असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खोलीचे दार बाहेरच्या जगासाठी हळूहळू उघडू लागले. बंगालमध्ये यदुनाथ मुखोपाध्याय यांनी १८६० नंतरच्या दशकात सुईणपणाचे शिक्षण देणारे पुस्तक बंगालीत लिहिले. महाराष्ट्रापुरते पाहता या प्रश्नाशी सर्वांत हृदयस्पर्शी रीतीने जोडलेले नाव आनंदीबाई जोशी यांचे आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळविली तेव्हा प्रबंधासाठी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या देशाने सूतिकागाराचा इतका सूक्ष्म विचार केला होता त्या देशातील एक कन्या, आपले मूल गमावल्यानंतर, तोच विचार परदेशातील विद्वानांपुढे मांडीत होती. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण काम सुरू करण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे पुण्यात निधन झाले.

याच सुमारास संस्थात्मक प्रयत्नही सुरू झाले. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी यासाठी निधी स्थापन झाला. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी पारंपरिक दायांना शिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभारला, आणि १९१८ मध्ये या निधीच्या वतीने भारतातील प्रसूतीच्या परिस्थितीविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या प्रांतांतील स्त्री-डॉक्टरांनी त्यात लिहिलेल्या हकीकती वाचताना तीच खोली पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभी राहते. हवा नाही, उजेड नाही, कोळशाचा धूर, मोडकी खाट आणि जुन्या चिंध्या.

या सुधारणांच्या काळात एक दोष मात्र राहिला. खोलीतील सर्व अनर्थाचे खापर बहुधा दाईच्या माथी फोडले गेले. ती अडाणी, ती अस्वच्छ, तिची नखे वाढलेली, असे चित्र रंगविण्यात आले. त्यात तथ्य होते, परंतु ते अर्धे होते. देशाच्या पुष्कळ भागांत दाई ही अस्पृश्य मानलेल्या जातींतील असे. नाळ कापणे आणि वार पुरणे ही कामे इतर कोणी करावयास तयार नसत, म्हणून ती तिच्याकडे आली. खोली कोणती असावी, अंथरूण कोणते असावे, झरोका उघडा असावा की बंद, हे ठरविण्याचा अधिकार तिला नव्हता. धुतलेले कापड मागण्याचीही तिची प्राज्ञा नव्हती. जिला घराच्या ओसरीवर चढू देत नसत तिने घरातील चांगली खोली मागावी तरी कोणत्या तोंडाने? तिला शिक्षण देणे जरूर होतेच. पण खोली निवडणाऱ्या घराला शिकविणे त्याहून अवघड होते, आणि ते काम मागे पडले.

घराबाहेर नेले की बाळंतपण आपोआप सुरक्षित होते असेही नाही, हा धडा युरोपने याच शतकात मोठी किंमत देऊन घेतला होता. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस याने असे दाखवून दिले की सुइणींच्या विभागापेक्षा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या विभागात अधिक माता सूतिकाज्वराने मरतात, कारण ते विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येतात. हात नीट धुण्याचा नियम केल्याबरोबर मृत्यू झपाट्याने घटले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने लंडनच्या एका रुग्णालयात सुरू झालेला सुईण-शिक्षणाचा कक्ष सूतिकाज्वरामुळे १८६७ मध्ये बंद करावा लागला. त्यानंतर आकडेवारी गोळा करून १८७१ मध्ये त्यांनी असा निष्कर्ष मांडला की त्या काळच्या प्रसूतिगृहांपेक्षा घरीच होणारी बाळंतपणे कमी घातक ठरतात. तात्पर्य, खोली घरातील असो वा रुग्णालयातील असो, तिच्यातून काय काढून टाकले आहे आणि तिच्यात येणारे हात कसे आहेत, यावर सर्व अवलंबून असते.

विसाव्या शतकात या प्रश्नाला एक नवेच वळण मिळाले. वाड्यात निदान वाईट का होईना, पण बाळंतिणीला एक खोली होती. गिरण्यांच्या मुंबईत बहुसंख्य कुटुंबांना सगळी मिळून एकच खोली होती. १९२१ च्या सुमारास शहरातील दोन तृतीयांशांच्या आसपास लोक एकखणी बिऱ्हाडांत राहत असत. त्याच वर्षीच्या बालमृत्यूंच्या आकड्यांनी त्या वेळच्या जाणत्यांना हादरा दिला. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे ८०० हून अधिक अर्भकांच्या मृत्यूंची नोंद होती. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हेच प्रमाण १३० च्या आसपास होते.

हे आकडे जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. कोकणातील किंवा देशावरील गिरणी कामगाराची बायको बाळंतपणासाठी गावी जाई, मुलाचा जन्म तेथे नोंदला जाई, आणि मूल काही महिन्यांनी मुंबईस आल्यावर दगावले तर मृत्यू मुंबईच्या वहीत चढे. त्यामुळे जन्म कमी आणि मृत्यू अधिक दिसत. माहेरच्या मायेने सरकारी गणिताला असा धक्का दिला होता. पण एवढी सूट देऊनही एका खोलीतील आणि चार खोल्यांतील मुलांच्या नशिबांत पडलेले अंतर पुसले जात नाही. १९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास विभागाने ज्या काँक्रीटच्या चाळी बांधल्या त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. सुश्रुताच्या सूतिकागाराचे क्षेत्रफळ याच्या निम्म्याहूनही कमी भरते. फरक एवढाच की त्या बारा फूट बाय सहा फूट खोलीत माता, बालक आणि त्यांचे साहित्य यांखेरीज काही नव्हते. चाळीच्या खोलीत चूल, मोरी, पाण्याची पिंपे, ट्रंका, वळकट्या आणि सात-आठ माणसे होती. बाळंतिणीसाठी तेथे एका दोरीवर लुगडे टाकून आडोसा करीत. तेवढीच तिची खोली.

अशा घरातून काय हलवावयाचे? वस्तू हलविण्याची मर्यादा तेथे संपलेली होती. म्हणून ही जबाबदारी घराबाहेरच्या समाजाने उचलावयास हवी, हा विचार पुढे आला. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकावरील चर्चेत १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कायदेमंडळात या तत्त्वाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही भूमिका त्यांनी तेथे घेतली. गिरणीच्या साच्यावरून स्त्रीला काही आठवडे मोकळे करणे, हीसुद्धा बाळासाठी जागा करण्याचीच एक रीत होती.

स्वातंत्र्यानंतर माता-बाल संगोपन केंद्रे, परिचारिका, गर्भवतींना धनुर्वातप्रतिबंधक लस आणि २००५ पासून जननी सुरक्षा योजना या मार्गांनी चित्र बदलत गेले. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत आरोग्यसंस्थांत होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण एकचतुर्थांशाच्या आसपास होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ८८.६ टक्के आढळले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सरकारी नोंदींप्रमाणे दर हजार जन्मांमागे २०० च्या आसपास अर्भके वर्षाच्या आत मरत; २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. माता आणि नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारताने साधल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले. ज्या रात्रींना पिढ्यानपिढ्या घरे घाबरली त्यांच्या भयाचे एक मोठे कारण असे नाहीसे झाले. या निर्मूलनात लशीबरोबरच स्वच्छ प्रसूतीच्या ज्या पाच नियमांचा वाटा आहे ते असे: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ. हाडे, खडे आणि खापऱ्या काढून टाका, असे सांगणाऱ्या वैद्याला त्यांतील दुसरा नियम तरी परका वाटला नसता.

तरीही घरातील खोलीचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. रुग्णालयातून दोन-तीन दिवसांत माता आणि मूल घरी येतात, आणि नवजात बालकाच्या जिवाला सर्वाधिक धोका असलेले दिवस घरातच काढावयाचे असतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून जो प्रयोग केला त्याचे महत्त्व येथे आहे. गावातीलच स्त्रियांना शिक्षण देऊन त्यांच्याकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यात आली. बालकाला ऊब देणे, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखून वेळीच औषध देणे, अशा साध्या गोष्टींनी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून भारत सरकारने त्याच धर्तीवर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींची योजना देशभर सुरू केली. रुग्णालयात जन्मलेल्या मुलाच्या घरी ती सहा आठवड्यांत सहा वेळा जाते. मूल उबेत आहे का, त्याला काय पाजले जाते, त्याला हात लावणारे हात धुतात का, हे ती पाहते. पूर्वी दाईला जी खोली मुकाट्याने स्वीकारावी लागे त्या खोलीविषयी आज गावातीलच एक स्त्री अधिकाराने बोलू शकते. शतकभराच्या प्रवासाचे हे फळ लहान नाही.

शहरातील आजच्या घरात मूल यावयाचे असले म्हणजे अडचण बहुधा उलट असते. घरात वस्तू इतक्या झालेल्या असतात की त्या कोठे हलवाव्यात हे कळत नाही, आणि मुलाच्या नावाने आणखी वस्तू येत राहतात. चरकाची यादी अशा वेळी उपयोगी पडते. ती वस्तू वाढविण्यास सांगत नाही. लागणारी वस्तू हाताशी, न लागणारी बाहेर, मळलेली धुऊन वाळविलेली, खेळणे निरुपद्रवी, आणि हवा-उजेडाला वाट मोकळी, एवढेच ती सांगते. त्यासाठी लागणारी जमीन फार नाही. आठ हात लांब आणि चार हात रुंद एवढी पुरते. पण ती घरातील कोणत्या बाजूची द्यावयाची, हे ठरविताना घर त्या मातेला काय मानते हे उघड होते. सूतिकागार हे बाळंतिणीच्या खोलीत कसे उतरले, आणि ती खोली पुन्हा उजेडात आणण्यासाठी किती जणांना झटावे लागले, हा इतिहास लक्षात ठेवणारे घर अडगळीबरोबर अंधाराचीही आवराआवर करील.